दस्तक आणि जामीन

नेरळहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कर्जत तालुक्यात, कळंब हे गाव आहे. पश्चिमेस माथेरानचा सपाट माथा, पूर्वेस भीमाशंकराच्या रांगेची उभी भिंत आणि मध्ये पोशीर नदीच्या आसमंतातील भातखाचरे, असा हा प्रदेश. कळंब म्हणजे संस्कृतातील कदंब. पहिल्या पावसाबरोबर ज्याच्या फांद्यांवर चेंडूसारखी गोल फुले लागतात तो वृक्ष. गावात निजानीज झाल्यावर अंगणात उभे राहून वर पाहिले असता सह्याद्रीच्या कड्यावरून मुंबईकडे उतरत जाणारे दिवे दृष्टीस पडतात. त्या विमानांपैकी काहींत एकही प्रवासी नसतो. त्यांच्या पोटात पत्रे, औषधे, यंत्रांचे सुटे भाग आणि कोणाच्या तरी घरी सकाळी पोहोचावयाची गाठोडी असतात, आणि पुढच्या काचेमागे जागी असलेली केवळ दोन माणसे असतात.

गेल्या पावसाळ्यात गावातील एका बारावीच्या विद्यार्थ्याने मला विचारले की, मालवाहू विमानाचा वैमानिक व्हावयाचे तर आधी परीक्षा द्याव्यात की आधी ओळखी कराव्यात. प्रश्न त्याने सरळ मनाने विचारला होता, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देणे मला योग्य वाटले नाही; कारण ज्या व्यवसायाविषयी तो विचारीत होता तो विमानाहून फार जुना आहे, आणि त्याच्या जन्मभूमीजवळच्या घाटवाटांवरून तो शेकडो वर्षे चालत आलेला आहे.

कोकणातील मीठ व मासळी देशावर चढावयाची आणि देशावरचे धान्य कोकणात उतरावयाचे, हा व्यवहार वंजारी व लमाण यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर चालविला. दक्षिणेस खोपोलीहून चढणारा बोरघाट आणि त्याच्या अलीकडे भिवपुरीहून मावळात जाणारा कुसूर घाट, हे त्या व्यवहाराचे राजमार्ग. बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीस, नाना फडणविसांनी महादेवाचे मंदिर व विस्तीर्ण तलाव बांधला. कुसूर घाटाखाली भिवपुरीस सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्या नावाशी जोडला गेलेला दगडी तलाव आहे. घाट चढण्यापूर्वी तहानलेल्या माणसाला व जनावराला पाणी मिळावे, एवढाच या दोन्ही बांधकामांचा उघड हेतू दिसतो. परंतु मालाची ने-आण करणाऱ्या अनामिक माणसाविषयी तत्कालीन राज्यकर्त्यांना वाटणारी कदर त्यांत दगडरूपाने शिल्लक राहिली आहे.

मराठी दफ्तरांच्या भाषेत या व्यवसायासंबंधीचे दोन शब्द मला विशेष अर्थपूर्ण वाटतात. एक दस्तक, म्हणजे माल घेऊन जाण्याचा परवाना. आणि दुसरा जामीन, म्हणजे त्या माणसाबद्दल आपला शब्द गहाण ठेवणारा दुसरा माणूस, ज्याच्याकडून जामीनकतबा लिहून घेतला जाई. दस्तकाने वाट मोकळी होई, पण दुसऱ्याची चीजवस्त हाती पडावयाची तर जामीन लागे. आणि जामीन राहणारा मनुष्य केवळ नात्यासाठी राहत नसे, कारण माल बुडाल्यास जबाबदारी त्याच्याही अंगावर येत असे. म्हणून जामीन मिळणे ही त्या माणसाच्या पूर्वीच्या खेपांची पावती होती. माझ्या विद्यार्थी मित्राच्या प्रश्नातील परीक्षा आणि ओळखी या दोन गोष्टींची जुनी नावे हीच होत.

टपालाची कथाही याच वाटेने पुढे गेली. जासूद व कासीद यांच्या पायांवर चालणारा पत्रव्यवहार इंग्रजी अमदानीत डाकेच्या हरकाऱ्याकडे आला. मुंबईहून पनवेलपर्यंत जलमार्गाने, पनवेलहून खोपोलीपर्यंत सपाटीने आणि तेथून बोरघाट चढून पुण्यास, हा डाकेचा क्रम होता. १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, घाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता खुला झाला; १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी वर चढली, आणि कर्जत हे गाव जादा इंजिन जोडण्याचे स्थानक म्हणून सर्वतोमुखी झाले. हरकाऱ्याच्या घुंगुरकाठीचा आवाज लोपला, तरी वस्तू दुसऱ्याची, वेळ ठरलेली, वाट अवघड आणि नेणाऱ्याचे नाव कोणासही ठाऊक नाही, हे त्या व्यवसायाचे मर्म तसेच राहिले.

विमानाने डाक नेण्याचा जगातील पहिला अधिकृत प्रयोग आपल्याच देशात झाला, ही गोष्ट पुष्कळांना आश्चर्याची वाटेल. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेस आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुना ओलांडली व ती नैनीस उतरविली. परंतु प्रयोग आणि व्यवसाय यांत अंतर असते. व्यवसायास परवानाधारक माणसे लागतात, आणि ती घडविणारी शाळा मुंबई इलाख्यास १९२८ साली जुहू येथे मिळाली. सरकारी साहाय्याने त्या वर्षी निघालेल्या उड्डाण मंडळांपैकी बॉम्बे फ्लाइंग क्लब हे एक होते. तेथे चोवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा शिकावयास आले, शिक्षकासह ३ तास ४५ मिनिटे उडाल्यानंतर एकट्याने उडाले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना जो परवाना मिळाला त्यावर १ हा अंक होता. भारतात दिला गेलेला तो पहिला वैमानिक परवाना.

या परवान्याचा उल्लेख सर्वत्र होतो. त्यामागोमाग आलेल्या जामिनाचा मात्र क्वचित होतो. आगाखान यांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने प्रथम उडून जाणाऱ्या भारतीयास ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. १९३० साली जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून उलट दिशेने निघाला. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरच्या विमानतळावर पडली. अस्पी स्पार्क प्लगांच्या अभावी तेथे अडकून पडला होता. जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यास दिले, दोघे आपापल्या वाटेने उडाले, आणि अस्पीने काही तासांच्या फरकाने स्पर्धा जिंकली. पुढे हेच अस्पी इंजिनियर १९६० साली भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राची अडचण ही आपली संधी न मानता आपलीच अडचण मानण्याची जी रीत त्या वाळवंटात दिसली, ती त्या काळच्या मूठभर वैमानिकांचा खरा परस्परबंध होती. ओळख वाढविणे म्हणतात ते याहून निराळे काही असेल असे मला वाटत नाही.

नेव्हिल व्हिन्सेंट यांचे उदाहरण याच जातीचे. ब्रिटिश वायुदलातून आलेला हा वैमानिक हवाई छायाचित्रण व उड्डाणाची प्रात्यक्षिके करीत हिंदुस्थानभर हिंडला होता, आणि १९२९ साली तो जे. आर. डीं.कडे एक योजना घेऊन आला. इंपीरियल एअरवेज लंडनची डाक कराचीपर्यंत आणून सोडीत असे. ती तेथून पुढे विमानाने मुंबई व मद्रासपर्यंत न्यावी, अशी ती योजना होती. व्हिन्सेंटजवळ अनुभव होता, भांडवल नव्हते, जे. आर. डीं.जवळ परवाना होता, पण टाटांच्या पेढीत अंतिम निर्णय त्यांच्या हाती नव्हता. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले होते त्या जॉन पीटरसन यांनी वृद्ध सर दोराबजी टाटांकडे रदबदली केली, आणि सुमारे दोन लाखांच्या भांडवलास संमती मिळाली. कळंबपासून दूर नसलेल्या भिवपुरीस १९२२ साली ज्या पेढीने सह्याद्रीवरील पाण्यापासून वीज निर्माण करण्यास आरंभ केला होता, तिच्याच तिजोरीतून विमान-टपालाची ही रक्कम निघाली. सरकारने अर्थसाहाय्य नाकारले, वाटाघाटी लांबल्या, आणि अखेर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. एका अनुभवी माणसाचा विश्वास, दुसऱ्याची पात्रता आणि तिसऱ्याचा शब्द, अशा तीन दोऱ्यांनी तो करार विणला गेला होता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीच्या एकपंखी विमानात सुमारे २५ किलो डाक घेऊन निघाले. अहमदाबादेस बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतील इंधन भरून घेतले आणि दुपारी ते जुहूच्या चिखलमैदानावर उतरले. तेथून पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा पल्ला व्हिन्सेंट यांनी नेला. विमानात बिनतारी यंत्र नव्हते, जमिनीवर दिवे नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि खालची नदी, रूळ, डोंगर यांची खूण हेच साधन होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सारे बिऱ्हाड पुण्यास येरवड्याला हलवावे लागे, आणि पुण्याहून मुंबईस उतरण्याची वाट पुन्हा बोरघाटाचीच असे. अशा परिस्थितीतही पहिल्या वर्षी या सेवेने १,६०,००० मैल उड्डाण केले, सुमारे दहा टन डाक वाहिली, ६०,००० रुपये नफा मिळविला, आणि वेळापत्रक शंभर टक्के पाळले म्हणून नागरी विमान खात्याची प्रशंसा मिळविली. प्रवासी केवळ १५५ होते, यावरून आपल्या देशात नियमित विमानसेवेचा पाया मालवाहतुकीने घातला हे स्पष्ट दिसते. अमेरिकेतही हेच झाले होते. १९२७ साली अटलांटिक ओलांडून जगप्रसिद्ध झालेला चार्ल्स लिंडबर्ग त्याच्या आदल्या वर्षी सेंट लुइस ते शिकागो या मार्गावर डाक नेत होता. त्याच्या कीर्तीचे शिक्षण त्या खेपांत झाले.

महायुद्धानंतर चित्र पालटले. सैन्याने टाकून दिलेली डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली, अनेक कंपन्या उभ्या राहिल्या, आणि परवानाधारकांस प्रथमच पुष्कळ दारे दिसू लागली. परंतु सर्वच दारे सर्वांसाठी उघडी नव्हती. प्रेम माथुर यांनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळविला, तेव्हा आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला आणि नवव्या, हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले. दस्तक हाती होते. जामीन राहण्यास माणूस मिळेना, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या आधिपत्याखाली केवळ स्त्री कर्मचाऱ्यांनी चालविलेले इंडियन एअरलाइन्सचे विमान कलकत्त्याहून सिलचरला गेले, तेव्हा त्या नकारांचे उत्तर एका मराठी नावाने पूर्ण झाले, याचा मला अभिमान वाटतो.

मालवाहू वैमानिकीचे खरे विद्यापीठ मात्र महाराष्ट्रातच, नागपूरला, उभे राहिले. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने जानेवारी १९४९ च्या अखेरीस रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार नगरांतून रात्री चार विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर एकामागून एक उतरत, आपापल्या डाकेच्या थैल्यांची अदलाबदल करीत, आणि पहाट होण्यापूर्वी ज्या दिशेने आली त्याच दिशेने परत फिरत. देशाच्या मध्यभागी वसलेल्या नगरास निसर्गाने दिलेला लाभ इतक्या सुटसुटीतपणे क्वचितच वापरला गेला असेल. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून, वेळ वाचत असेल तेथे, जादा आकार न घेता साधी पत्रेही विमानाने नेण्याची योजना अमलात आली, आणि कळंबसारख्या गावी येणाऱ्या पत्रासही हवाई प्रवास घडू लागला.

या सेवेस विरोधही झाला, आणि विरोधकांत खुद्द जे. आर. डी. होते. रात्रीच्या उड्डाणास आवश्यक अशी मार्गदर्शक यंत्रे व धावपट्ट्यांवरील दिवे पुरेसे नसताना माणसांस अंधारात पाठविणे सुरक्षित नाही, हे त्यांचे म्हणणे होते. ज्याने विमान-टपालाचा पाया घातला त्यानेच घाई करू नये असे सांगावे, यात विसंगती नाही. दस्तक देणाऱ्याने वाटेची जबाबदारीही पत्करली पाहिजे, असाच त्याचा अर्थ होतो. प्रारंभीची इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स ही कंपनी टिकली नाही. मग हिमालयन एव्हिएशनने तो भार उचलला. विमान-वाहतुकीची एकूण दुरवस्था तपासण्यासाठी न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५० साली अहवाल दिला. पुढे १९५३ च्या कायद्यान्वये आठ कंपन्या विलीन होऊन १ ऑगस्ट रोजी इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन अस्तित्वात आले, आणि नागपूरची रात्र त्याच्याकडे आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरहून उडालेले एक डाकोटा कोसळले आणि तेरा जणांचे प्राण गेले. तरीही थैल्या भरल्या जात राहिल्या. सत्तरीच्या दशकापर्यंत ती सेवा चालली.

सोनेगावच्या त्या मध्यरात्रींत काय घडत असेल, याचा विचार केला म्हणजे मला त्या शिक्षणाची थोरवी जाणवते. चार दिशांचे वैमानिक एका धावपट्टीवर काही काळ एकत्र येत. कोणत्या मार्गावर ढग दाटले आहेत, कोणत्या इंजिनाचा आवाज बदलला आहे, कोणत्या टापूत वारा आडवा लागतो, हे एकमेकांस सांगून आपापल्या काळोखात निघून जात. अशा ठिकाणी मनुष्याची पारख त्याच्या बोलण्यावरून होत नाही. त्याने दिलेली खबर खरी निघते की नाही, यावरून होते. घाटमाथ्यावर भेटलेले दोन तांडे पुढच्या वाटेची, पाण्याची व चोरांची खबर एकमेकांस देत, त्याच परंपरेचे हे नवे रूप होते.

आज काळाच्या गरजेप्रमाणे दस्तक मोठे झाले आहे. पदार्थविज्ञान व गणित घेऊन बारावी, डोळ्यांची व हृदयाची कसून वैद्यकीय तपासणी, नौकानयनासारखेच अवघड असे हवाई मार्गशास्त्र, हवामानशास्त्र, नियम, यंत्रज्ञान व रेडिओ संभाषण यांच्या परीक्षा, आणि २०० तासांचे उड्डाण, इतके झाल्यावर अठराव्या वर्षी व्यावसायिक परवाना मिळू शकतो. विमानाचे पूर्ण आधिपत्य देणाऱ्या सर्वोच्च परवान्यास १,५०० तास व एकवीस वर्षे वय लागते. धुळे, बारामती, गोंदिया व नागपूर येथे हे शिक्षण देण्याची सोय महाराष्ट्रातच झाली आहे. प्रत्येक उड्डाण नोंदवहीत लिहावे लागते, आणि त्या वहीतील एक खोटा तास सर्व खऱ्या तासांस कलंक लावतो. कुळकर्ण्याच्या खात्याची जशी रुजुवात होई तशी या वहीचीही होते.

मालवाहू विमानात त्यावर आणखी एका विद्येची भर पडते, आणि तीही जुनी आहे. वंजारी बैलाच्या पाठीवर गोणी लादताना दोन्ही पल्ले सारखे आहेत की नाहीत हे हाताने तोलून पाही. एक बाजू जड झाली तर घाटात बैल तोल जाऊन पडे. विमानाचा भार पुढे किती, मागे किती, गुरुत्वमध्य कोठे येतो, कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी ठेवणे धोक्याचे आहे, हे उड्डाणापूर्वी कागदावर मांडले जाते आणि वैमानिक त्यावर स्वाक्षरी करतो. प्रवासी स्वतःचा पट्टा स्वतः आवळतो; माल तसे करीत नाही. म्हणून ज्या माणसांनी तो बांधला त्यांना ओळखणे, त्यांच्या कामाची कदर करणे आणि शंका आल्यास नम्रपणे परंतु निश्चयाने पुन्हा पाहावयास सांगणे, हे मालवाहू वैमानिकाचे नित्यकर्म आहे. १९९६ साली ब्लू डार्ट एव्हिएशनने बोइंग ७३७ विमानांनी देशांतर्गत मालाची सेवा सुरू केली, तेव्हा सोनेगावची ती रात्रीची विद्या नव्या यंत्रांवर पुन्हा कामास लागली.

आता माझ्या विद्यार्थी मित्राच्या प्रश्नाकडे वळतो. परीक्षा आधी, हे खरे. दस्तकावाचून चौकी ओलांडता येत नाही. परंतु ओळखी ही त्यानंतर करावयाची निराळी गोष्ट नाही. ज्या शिक्षकासह पहिले तास उडशील, ज्या तंत्रज्ञाकडून इंजिन समजून घेशील, ज्या सोबत्यास आपल्या टिपणांची वही देशील, तेच उद्या कोणी विचारले असता तुझ्याबद्दल एक वाक्य बोलणार आहेत. शिक्षक होऊन इतरांस शिकविता शिकविता आपले तास वाढविण्याची जी वाट अनेक वैमानिक धरतात, तीत परवान्याचे तास व जामीन हे दोन्ही एकाच वेळी मिळतात. ज्यांच्या घरी या व्यवसायातले कोणी नाही त्यांनाही ही वाट मोकळी आहे, मात्र ती खर्चाची आहे. आणि खेड्यातील मुलास कर्ज व शिष्यवृत्ती यांच्या रूपाने कोणीतरी जामीन राहिले पाहिजे, ही समाजाची जबाबदारी मी मानतो. घाटाखाली तलाव बांधणाऱ्यांनी ती ओळखली होती.

२०२५ च्या ऑक्टोबरात याच रायगड जिल्ह्यात, उलवे येथे, नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या पनवेलच्या बंदरावर मुंबईची डाक उतरून हरकाऱ्याच्या खांद्यावर जात असे, त्याच तालुक्यात ही धावपट्टी आहे. जुन्या वाटेकडे असे परतणे नवे नाही; जे. आर. डी. टाटांनी १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कराची ते मुंबई हे आपले पहिले उड्डाण पुन्हा एकट्याने करून दाखविले. पन्नास वर्षांनंतरही त्यांना आपली पहिली खेप पुन्हा न्यावीशी वाटली. कळंबच्या अंगणातून रात्री दिसणाऱ्या त्या दिव्यांपैकी एखाद्यामागे उद्या आपल्याच गावचा मुलगा बसलेला असेल, तेव्हा खाली झोपलेल्या कोणासही त्याचे नाव ठाऊक असणार नाही. ज्यांची गाठोडी त्याच्या पाठीशी असतील ते मात्र सकाळी दार उघडतील, आणि आपली वस्तू उंबऱ्याशी आलेली पाहतील.